त्यांचा घोडा

तुकोगंजातले माझे शेजारी सचिवालयात होते. ते बुद्धिबळाला यायचे, पण पहिली खेळी काही व्हायची नाही. आपली मोहऱ्यांची पेटी ते सोबत आणत आणि त्यांचे नि माझे मोहरे हातात तोलत बसत. "भिया, बाकी सब खरादावर गोल कातून निघतं, घोडा मात्र हातानंच कोरावा लागतो. तुमचा बघा, बकरी वाटते!" त्यांचा घोडा शिसवी, नाकपुड्या फुगवलेला, तळाला हिरव्या बनातीचं कापड चिकटवलेला. मला राग यायचा, तरी दर रविवारी मी पट मांडून वाट पाहायचो.

मध्यभारताची राजधानी उन्हाळ्यात आमच्या शहरात असायची, हिवाळ्यात ग्वाल्हेरला जायची, तिच्यामागे तेही जात. एकदा टांग्यात सामान चढवल्यावर ते परत आत आले, माझा काळा घोडा खिशात टाकला आणि त्या जागी आपला ठेवला. "तिथल्या कारागिराकडून याला नीट तोंड करवून आणतो. तोवर तुमचा डाव अडायला नको. उन्हाळ्यात मात्र खेळूच."

उन्हाळ्यात कचेरी परत आली, आणि तिच्याबरोबर ते वारल्याची बातमी.

आता मी दुसऱ्यांशी खेळतो. मारला जाईल म्हणून तो घोडा जागचा हलवतच नाही, आणि बहुतेक वेळा हरतो.