देवीचा उजवा खांदा

देवीचा उजवा हात कोणता आणि डावा कोणता, हे न कळण्याइतकी मी अक्कलशून्य होते, आणि तरी स्वतःला लई हुशार समजत होते.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. चकलांब्याच्या अलीकडं आमचं गाव. तिथं पेरणी, सोयरीक, दुखणं, सगळं देवीला विचारून व्हायचं. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांना पाण्यानं एकेक कळी चिकटवायचा. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. झाला कौल.

माझ्या चार वर्षांच्या लेकीचा डोळा आला आणि बुबुळावर पांढरं दिसायला लागलं. बीडच्या सरकारी दवाखान्यात न्यावं म्हणून मी रडून विनवलं. सासूबाई म्हणाल्या, आधी कौल लावू.

देवळाच्या सारवणाची पाळी नेमकी माझी होती. मी गुळाचा चिकट पाक बोटावर घेतला आणि देवीच्या डाव्या खांद्याला चोपडला. डावी कळी चिकटून बसेल, उजवी पडेल, काम फत्ते. मूर्तीसमोर उभी राहून माझ्या डाव्या हाताला जो खांदा आला, तोच मी डावा धरला. समोरच्या बाईचा तो उजवा असतो, हे माझ्यासारख्या शेणगोळ्याला कुठून कळायचं?

डावी कळी टपकन पडली. उजवी हलायलाच तयार नाही. गावानं हात जोडले. लेकीचा डोळा माझ्याच गुळानं घालवला होता, आणि तोंड उघडायची सोय नव्हती.

सासूबाई पाया पडायला पुढं झाल्या. देवीच्या उजव्या खांद्यावर मुंग्यांची रांग चढत होती. त्यांनी तिथं बोट टेकवलं, हळूच जिभेला लावलं आणि माझ्याकडं बघितलं. मग गड्याला गाडी जुंपायला सांगितली. कौल तर नाही म्हणतो, असं कुणीतरी बोललंच. त्या शांतपणे म्हणाल्या, “देवीला इचारून झालं. आता डाक्टरला इचारून येते.”

डॉक्टर मुसलमान होते. उशीर केला म्हणून उर्दूत आम्हा दोघींना झाडलं आणि औषध घातलं. आठवडाभर तिथंच राहिलो. डोळा वाचला. तीच लेक आज मला सुईत दोरा ओवून देते, आणि दोरा ओवला की मला सासूबाई आठवतात.

त्यांचा देवीचा मंगळवारचा उपास मरेपर्यंत सुटला नाही. पण दुखण्याचा कौल आमच्या घरात पुन्हा लागला नाही. आमची गाडी बीडला जाऊन आली म्हणून शेजारच्यांचीही गेली. आता नातवाला ताप आला तर गुरवही आधी गोळी देतो, मग नारळ फोडतो. देवीचं काही अडलेलं मला तरी दिसलं नाही.

गुळाचं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. परतीच्या वाटेवर, लेक मांडीवर झोपलेली असताना, मला तेवढं म्हणाल्या, “आगं माय, पुढच्या बारीला सरळ मला सांग. तुला देवीचा उजवा खांदा बी कळंना, मग तिला कावून मदी घालतीस?”