आईंची लाल लाइन

आजारपणाच्या घरात किस्से फार साठतात. भेटायला येणारा माणूस बिस्किटांचा पुडा घेऊन येतो. त्याला रडकं तोंड किती वेळ दाखवणार? मग मी चहाबरोबर एखादा किस्साही देते.

माझ्या लग्नाला महिनाही झाला नव्हता, आणि सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, पाय काही येईना. डॉक्टर म्हणाले, "चालवा त्यांना." आणि आईंचा एकच धोशा, "मला माझ्या स्वयंपाकघरात न्या!"

*

आमचे हे एकलहऱ्याला वीजकेंद्रात. कलकत्त्याच्या ट्रेनिंगहून येताना त्यांनी तिथल्या भुयारी रेल्वेचा नकाशा आणला होता. एक सरळ रेघ आणि तिच्यावर सारख्या अंतरावर टिपके. तो बघून मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आमचं नाशिकरोडचं घर काढलं. आईंची लाल लाइन : खाट, कपाट, मोरी, देवघर, स्वयंपाकघर.

सासरे चष्मा पुसून बघत राहिले. "कपाट ते मोरी एवढंसंच?"

"अण्णा, या नकाशात अंतर खरं नसतं."

खाटेवरून आई म्हणाल्या, "माझं लग्न जमवणाऱ्यानं असलाच नकाशा काढला असणार. म्हणे, माहेर काय, विंचूर, हाकेवर!"

*

मग अण्णांनाही लाइन हवी झाली. निळी काढली. दार, खुर्ची, मोरी, परत खुर्ची.

हे म्हणाले, "अण्णा, तुमची गाडी स्वयंपाकघरात जातच नाही की!"

अण्णा गंभीरपणे म्हणाले, "प्रवासीच इकडे यायचे, ताट घेऊन."

त्यावर फक्त आई हसल्या. तेही अर्ध्याच तोंडानं.

*

एका संध्याकाळी चालवताना मोरीच्या अलीकडे आई कोसळल्या. मला एकटीला उचलता येईना, म्हणून मीही शेजारी फरशीवर बसले. आजारपणात त्या पहिल्यांदाच रडल्या. "काढ तो कागद भिंतीवरून."

सकाळी बघते, तर कपाट आणि मोरीच्या मध्ये अण्णांच्या थरथरत्या अक्षरात नवीन स्टेशन : 'विश्रांती'. आणि तिथे, भिंतीला टेकवून, घरातली एकुलती एक हातांची खुर्ची!

तेव्हापासून अण्णा पेपर सतरंजीवर बसून वाचतात. गुडघे दुखतात का विचारलं, तर म्हणतात, "खाली उजेड बरा येतो."

*

देवघराशी आई थांबल्या. नमस्काराला एकच हात वर आला. मी घाईनं दुसरा उचलून जोडायला गेले, तर म्हणाल्या, "राहू दे गं. त्यानं अर्धं नेलंय, त्याला अर्धाच नमस्कार!"

*

आणि एका सकाळी गाडी शेवटच्या स्टेशनाला लागली. अण्णांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी ड्यूटीला जाता जाता पेढे आणायचं कबूल केलं.

आई चौकट धरून उभ्या राहिल्या. ओट्याकडे बघितलं, मग फळ्यांकडे. एवढ्या महिन्यांत सगळे डबे माझ्या हाताला येतील तसे लागले होते. त्यांची नजर एकेका डब्यावरून फिरत राहिली.

मी म्हटलं, "आई, या ना आत!"

त्या उंबऱ्यातच थांबल्या. "पाणी देतेस थोडं?"

मी दिलं. उभ्याउभ्याच प्यायल्या. भांडं माझ्या हातात परत दिलं आणि हसून म्हणाल्या, "छान ठेवलंयस हो घर. बरं, येते मी!"