पोळ्याच्या दिवशी घेतलेली परीक्षा

माझी थोरली बहीण रेडिओलॉजिस्ट आहे. ती अमरावतीत बसते आणि तिचं दुसरं स्कॅन सेंटर अकोल्यात आहे. तिथे काढलेल्या स्कॅनची चित्रं लाइनवरून इकडे येतात, ताई ती पाहते आणि तिकडच्या डॉक्टरांना कळवते. अर्धांगाचा पेशंट असला आणि नेमकी तेव्हाच लाइन बंद पडली, तर तो माणूस उपचाराविना खाटेवर पडून राहतो. म्हणून नवी लाइन घ्यायची ठरली तेव्हा आम्ही दोघं चांगले भांडलो.

सेंटरचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. मला डार्क फायबर हवं होतं. जमिनीत आधीच टाकलेली रिकामी केबल भाड्यानं घ्यायची, दोन्ही टोकांना यंत्रं आपली लावायची, वेग आपल्या मर्जीचा. आपला हात जगन्नाथ! दुसरा पर्याय मॅनेज्ड सर्व्हिसचा. त्यात यंत्रं, देखरेख, दुरुस्ती सगळं कंपनीकडे. दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिणं मला जमत नाही, असं मी तिला ठणकावलं.

"लहानपनी तं माह्याच ताटातलं खात होता," ती म्हणाली. मग विचारलं, "तुह्यं यंत्र पोयाच्या दिवशी बंद पडलं तं कोन जाईन?"

पोळ्याला अख्खं वऱ्हाड गावाकडे असतं. आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीनं चोळून त्यांना जेवायचं आवतण दिलं की घरचा माणूस कुठे हलत नाही. मीही मोर्शीजवळ आमच्या गावी असतो.

कंपनीची लाइन तेव्हा महिनाभरासाठी वापरून पाहत होतो. पोळ्याच्या दिवशी ताई सकाळीच अकोल्याला गेली. ती स्वतः मशीनजवळ असल्यामुळे लाइनवाचून कुणाचं अडणार नव्हतं. तिथून तिनं मला फोन केला. "समज, तुह्यं यंत्र आत्ता बंद पडलं. कवा येतं तू?" मी बैल धूत होतो. संध्याकाळ होईल, म्हणालो. मग तिनं कंपनीच्या डब्याची पिन काढून ठेवली. तिनं कळवायच्या आधीच मला कंपनीचा फोन आला, की तुमची लाइन बंद दिसते, माणूस निघालाय. मला राग आला आणि तिच्या डोक्याचं कौतुकही वाटलं. वादाचा निकाल असा लावणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

पुढचं तिनंच सांगितलं. माणूस आला तो जवळच्या खेड्यातून, मोटरसायकलवर. अंगात नवा सदरा, बोटांना बैलांच्या शिंगांची बेगड चिकटलेली.

"बैल कोनाच्या हाती देले, दादा?"

"लायन्या भावाच्या. पन त्यायले माह्या हाताची सवय हाये जी. तोरनाखाली बिचकतीन."

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं पिन मीच काढली म्हणून सांगून टाकलं. तो रागावेल असं तिला वाटलं होतं. तो म्हणाला, "मंग लावून टाका न, ताई. तोरन तुटून पोया फुटाच्या आत पोचतो मी."

त्याच आठवड्यात तिनं मॅनेज्ड सर्व्हिसचा करार केला. माझ्या जगन्नाथाला रजा मिळाली, आणि खरं सांगायचं तर हायसं वाटलं. पण सही करण्याआधी तिनं एक अट घालून घेतली: पोळ्याच्या दिवशी आमची लाइन बंद पडली तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माणूस पाठवायचा नाही. कंपनीचा साहेब चक्रावला. सेवा कमी द्या म्हणणारं गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नव्हतं.

"आन् त्या दिवशी पेशंट आला तं?" मी चिडून विचारलं.

"मी हावो न तिथं," ती म्हणाली.

तेव्हापासून दर पोळ्याला ती पहाटेच अकोल्याला जाते आणि रात्रीपर्यंत मशीनजवळ बसते. पुरणपोळीचा डबा मी गावाहून पाठवतो.