पथारीवरच्या पांढऱ्या चादरी

नंदुरबारच्या बाहेर आमची मिरचीची पथारी आहे, म्हणजे ओली मिरची वाळत घालायचं मोकळं मैदान. हिवाळाभर तिथं सगळं लालच लाल. मिरची उलथणाऱ्या बायांवर माझ्या वहिनीची देखरेख असते आणि तीही त्यांच्यासोबत वाकलेली असते. मी शाळेत शिकवतो आणि सुट्टीला तिथं जाऊन उगाच काळजी करतो, असं घरचे म्हणतात.

यंदा एक छोटं विमान येऊ लागलं. डोक्यावर आलं की इंजिनाचा आवाज मंदावायचा, विमान खाली खाली यायचं आणि एकदम गुरगुरत वर जायचं. दर वेळी मी बायांना बाजूला व्हायला ओरडायचो.

"भाऊ, पोरे शिकी ऱ्हायनात," वहिनी म्हणायची. "शिकू द्या."

काय शिकतात ते कळलं आमच्या एका गिऱ्हाईकाकडून. शेजारच्या जिल्ह्यातल्या धावपट्टीवर तो विमान चालवायला शिकवतो. इंजिन बंद पडलं तर उतरायचं कुठं, याचा तो सराव. त्यासाठी सपाट, मोकळी जागा आधीच हेरून ठेवायची.

"तुमची जागा फार लांबून दिसते," तो कौतुकानं म्हणाला.

"तिथं बाया असतात."

"हो का? वरून नुसतं लाल दिसतं."

मला त्याचा भयंकर राग आला. रविवारी घरातल्या सगळ्या पांढऱ्या चादरी नेल्या, पथारीच्या दोन्ही कडांना ओळीनं अंथरल्या, वर दगड ठेवले. इथं माणसांचा वावर आहे, एवढं तरी कळेल. वहिनी हसली, पण चादरी ताणून धरायला तीच पुढं झाली.

त्यानंतर विमान रोज येऊ लागलं, आणि आणखी खाली. एकदा तर मिरच्या उडाल्या, बाया तोंडाला पदर लावून खोकत बसल्या. या वेळी वहिनी हसली नाही.

मी त्या विमान शिकवणाऱ्या गिऱ्हाईकाला फोन लावला. स्वारी खुशीत होती. जुन्या काळी छोट्या विमानांना कुठली आलीय पक्की धावपट्टी, म्हणाला. गवताचं मैदान, कडेला चुना नाहीतर पांढरं कापड, झाला विमानतळ. तुम्ही तेच केलंत, पोरांना फार सोपं झालं.

समोर वहिनी पथारीच्या मधोमध वाकली होती.

"मी आत्ता चादरी काढतोय," मी म्हणालो.

"काढा की," तो म्हणाला. "पोरांना ती जागा आता पाठ झालीय."