बोनकोड्याच्या सुईणीचं शिक्षण

"बाय, हात लावून दाव," म्हणत ती म्हातारी सुईण स्वतःचाच हात पुढे करायची. नुसतं सांगितलेलं तिला पटत नसे. साबणाने हात कसे धुवायचे हे शिकवताना मला तिचं एकेक बोट धरून घासावं लागलं होतं.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. बोनकोड्याची शेतं सरकारच्या भूसंपादनात गेली होती, पलीकडे इमारती उठत होत्या, पण गावातली बाळंतपणं अजून तिच्याच हातची. ती सत्तरीला आलेली आणि मी तेवीस वर्षांची, साताऱ्याहून आलेली नर्स. सुईणींना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. या वयाची माणसं आपलं सोडत नाहीत, असं तुमच्यासारखंच मीही ऐकून होते. हिने मात्र सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशी नखं कापून आणली, वर बाकीच्या सुईणींचीही तपासली. त्या वैतागल्या.

मग मी नाळेचा धडा घेतला. नवं पातं आणि दोरा उकळून घ्यायचा, घरातला विळा वापरायचा नाही, वर राख लावायची नाही. आठवड्याच्या आत एखाद्या बाळाचा जबडा मिटतो, ते दूध ओढेनासं होतं आणि जातं, ते सटवीमुळे नाही, नाळेतून घाण जाऊन धनुर्वात होतो म्हणून. फळ्यावर चित्र काढून मी मोठ्या हौसेने सांगितलं. तिने एवढंच विचारलं, जबडा मिटतो तेच ना. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. तिच्या नातसुनेचे दिवस भरत आले होते, आणि ही रुसून पुन्हा विळाच काढणार, अशी मला धास्ती. चौथ्या दिवशी मी घरी गेले. ती ओटीवर बसली होती. रुसली नव्हती. गावातलं एकेक घर आठवून त्या घरातलं जबडा मिटून गेलेलं मूल बोटांवर मोजत होती.

"त्यांचे आयांना सांगाचा का नाय?" तिने विचारलं. "तू शिकवलास, आता येवढा पन सांग."

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. जुनं उकरून काय उपयोग, असं काहीतरी पुटपुटून मी सुटका करून घेतली.

नातसुनेच्या बाळंतपणाला मी हजर होते. तिने पातं दोनदा उकळलं. पुढचे आठ दिवस ती बाळाजवळून हलली नाही, सारखी त्याच्या ओठांवर बोट टेकवून ते ओढतंय का पाहायची. मीही रोज सकाळी जाऊन पाहत होते. नवव्या दिवशी बाळ पोटभर प्यायलं आणि ती मला न सांगता घराबाहेर पडली.

कुठे गेली, ते मला चारेक वर्षांनी तिच्या बाराव्याला कळलं. शेजारी बसलेल्या बाईने सांगितलं. त्या सकाळी म्हातारी तिच्या दारात येऊन जमिनीवर बसली आणि म्हणाली, "तुजा पोऱ्या सटवीनं नाय नेला. माज्या विल्यानं नेला." अशीच ती घरोघर गेली होती.

मग तुम्ही काय केलंत, मी विचारलं.

"दार लावला तोंडावर. वरीसभर मी तिच्याशी बोलली नाय. मंग माजे दिवस भरले, तवा तिलाच बोलावली."

तिच्या मांडीवर अडीच वर्षांची मुलगी झोपली होती. सांगू नको असं म्हातारीला मीच सुचवलं होतं, हे त्या बाईला सांगायला हवं होतं. मला ते जमलं नाही.