कॉम्प्युटरवरच्या अक्षता

आमच्या घरी दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा होते. बाबा कारखान्यात मशीन शॉपला होते, चौतीस वर्षं. यंत्राला हळद-कुंकू लावल्याशिवाय दसरा झाला असं त्यांना वाटतच नाही. आता अयोध्या नगरच्या घरात यंत्रं म्हणजे मिक्सर, माझी स्कूटी आणि त्यांचा पंधरा वर्षं जुना कॉम्प्युटर. त्याच्या डब्यावर झेंडू, गंध आणि चिमूट चिमूट करत मूठभर अक्षता.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो चालूच होईना. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ: डिस्क काढा आणि कुठलीही कळ दाबा. अरे, कसली डिस्क? सीडीचा कप्पा तर रिकामा! मी होत्या नव्हत्या तेवढ्या कळा दाबल्या. परत तीच ओळ. आणि आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत त्यात होता, फक्त त्यातच होता.

अकरा वर्षं खपून बाबांनी तो जमवलाय. इंदूर, ग्वाल्हेर, उज्जैनला फोन करकरून, कोण कुणाचा, कुणाची मुलगी कुठल्या घरात दिली, सगळं. ज्यांनी ही माहिती सांगितली त्यांतले निम्मे आता नाहीत. पुन्हा विचारायचं तर कुणाला?

डबा उचलून एम. पी. नगरच्या दुकानात नेला. मेकॅनिकने तो उघडून जरा तिरका केला मात्र, टेबलावर तांदूळ सांडले. पिवळे, कुंकवाने माखलेले, वर्षानुवर्षांचे! तो हसायला लागला. "मॅडम, इसमें तो पुलाव बन जाएगा." मी लाजेनं मेले. तिथूनच बाबांना फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. "अकरा वर्षांचं काम स्वतःच्या हातानं मातीत घातलंत तुम्ही!" पलीकडून बाबा एवढंच म्हणाले, "असं झालं होय? बरं."

चार दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. माझा स्वभावच मेला तसा, एकदा पारा चढला की उतरता उतरत नाही. ते आपले खिडकीशी बसून काहीबाही लिहीत असायचे. काय लिहिताय, एवढंही मी विचारलं नाही.

पाचव्या दिवशी मेकॅनिकने बोलावलं. गेले, तर त्याने नखाएवढा पेनड्राइव्ह माझ्या तळहातावर ठेवला. "ये पीछे लगा था, धूल में दिखा ही नहीं. मशीन इसी से चालू होने की कोशिश कर रही थी. चावल की कोई गलती नहीं है, मॅडम."

पेनड्राइव्ह माझा होता. दसऱ्याला मीच लावला होता, कुलवृत्तांताची कॉपी करून ठेवायला. तेवढ्यात सोनं द्यायला मंडळी आली, मी चहा टाकायला उठले आणि विसरले ती विसरलेच. कॉपीही केली नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती मी माझ्या बापाला दिली होती.

घरी आल्या आल्या कॉम्प्युटर लावला. सुरू झाला, फाइल उघडली, सगळं जिथल्या तिथे. मी बाबांपुढे कान पकडले. "बाबा, चूक माझी होती. तुमच्या अक्षतांची नव्हे." चिडतील असं वाटलं होतं, तर हसले. "जाऊ दे गं. मला वाटलं गेलंच सगळं, म्हणून आठवून आठवून पुन्हा लिहून काढलं. आता हे ताडून बघ, कुठे चुकलोय का." त्यांनी वही पुढे केली.

चार दिवसांत चाळीस पानं! पणजोबांची सहा भावंडं, ग्वाल्हेरच्या शाखेतले दोन दत्तक, उज्जैनच्या काकूंचं माहेर. पडद्यावर बघत एकेक ओळ ताडत गेले. एक नाव चुकलेलं नाही. मी तर चाटच पडले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ही स्मरणशक्ती, आणि मला कालची भाजी आठवत नाही.

शेवटच्या पानावर आमचं घर होतं. बाबांचं नाव. आईचं नाव, तिचं माहेर, ती गेली ती तिथी. खाली 'मुलगा एक, पुण्यास', मग माझ्या भावाचं नाव, वहिनीचं, भाच्याचं. त्याखाली त्याच नेटक्या अक्षरात 'मुलगी एक', पुढे रिकामी जागा आणि बारीक अक्षरात 'नाव विचारणे'.

मी ती ओळ दोनदा वाचली, तीनदा वाचली. कधीपासून? आणि एका घरात राहून, रोज एका टेबलावर जेवून, मला कळलं कसं नाही?

"काय गं, चुकलंय का काही?" बाबा मागे येऊन उभे राहिले होते.

"नाही बाबा." मी वही त्यांच्याकडे वळवली. "एकच जागा रिकामी राहिलीय."

त्यांनी वाकून पाहिलं. "हां, ती होय. ते कुणाला विचारावं, कळेना." मग खिशातलं पेन काढून त्यांनी माझ्यापुढे धरलं. "तुला माहीत असेल तर लिहून टाक."