कुणालाच नको असलेली कार्डं

शेजारच्या फ्राऊ केलर यांचा फोन आला, तेव्हा मी कामासाठी तीन आठवडे इंगोलश्टाटला होते. "तुझा नंबर आज सापडला गं. हेर ब्रेडलाऊ गेले, मागच्या आठवड्यात. पुतण्या घर रिकामं करतोय, खाली भंगाराचा कंटेनर उभा आहे." मिळेल ती ट्रेन पकडून डार्मश्टाटला घरी पोचले, तर कंटेनर गेला होता. त्यांची चाळीस वर्षांची कार्डं रद्दीत. त्याला आता सहा आठवडे झाले. माझा राग उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.

हेर ब्रेडलाऊ प्रकाशक होते. दोन खोल्यांतून चालणारं एका माणसाचं प्रकाशन. पण खरे ते साहित्याचे इतिहासकार. नाझींनी ज्या लेखिकांची पुस्तकं बंद पाडली आणि नंतरही कुणी परत छापली नाहीत, त्यांना शोधून काढायचं, हेच त्यांचं आयुष्य. एकेकीचं एकेक कार्ड : गाव, पुस्तकं, शेवटचा पत्ता. मी वरच्या मजल्यावर राहायला आले तेव्हा जिन्यात थांबवून त्यांनी विचारलं, "तुम्ही फोनवर बोलता ती भाषा कोणती? तिच्यातल्या कोणत्या लेखिकांची पुस्तकं आता मिळत नाहीत?" मला एक नाव सांगता आलं नाही. "आल्झो, म्हणजे... इंजिनीयर झालात की भाषेशी संबंध संपला?" ते चिडलेच. अशी आमची ओळख झाली.

एकदा ते मला बाड हॉम्बुर्गच्या एका वृद्धाश्रमात घेऊन गेले. गाडी माझी, मांडीवर पुस्तकाचं पार्सल त्यांच्या. तिथे एका विस्मृतीत गेलेल्या कवयित्रीची मुलगी होती, नव्वदीच्या पुढची. आईचं नव्याने छापलेलं पुस्तक तिने हातात घेतलं, मुखपृष्ठावरच्या नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "नाव बरोबर छापलंय तुम्ही." एवढंच. परतताना हेर ब्रेडलाऊ रस्ताभर खिडकीबाहेर बघत होते...

ही कार्डं सांभाळा म्हणून त्यांनी एका मोठ्या संस्थेला तीनदा पत्र लिहिलं. जागा नाही, असं उत्तर आलं. तिसऱ्यांदा तेही आलं नाही. मग त्यांनी मला विचारलं, "निदान फोटो काढाल का सगळ्यांचे?" मी म्हटलं, "प्रोजेक्ट संपू दे, मग नक्की." कंटेनर गेला त्या दिवशी पुतण्यावर मी जिन्यातच ओरडले. तो शांतपणे म्हणाला, "मी सगळ्यांना विचारलं. कुणालाच नको होतं. तुम्ही कुठे होतात?"

शोकसभेत त्याच संस्थेचे प्रमुख बोलले. हेर ब्रेडलाऊंचा वारसा आपण जपू, म्हणाले. मी उभी राहिले. माझं जर्मन रागात नेहमीच मोडतं, तसं ते मोडलं. "कोणता वारसा? तो तुम्ही घ्यायला नकार दिलात!" कुणीतरी खोकलं. प्रमुखांनी पान उलटलं आणि पुढे वाचत राहिले.

घरी येऊन मी कोरं कार्ड घेतलं आणि त्यांचं कार्ड तयार केलं. गाव, पुस्तकं, शेवटचा पत्ता. प्रत्येक कार्डाच्या तळाशी ते एक ओळ लिहायचे, 'हिला विस्मृतीत कोणी जाऊ दिलं', आणि पुढे नावं. प्रकाशकांची, प्राध्यापकांची, कधी नातेवाइकांची. कुणालाही सूट नसे. तळाशी मी लिहिलं, 'यांना विस्मृतीत कोणी जाऊ दिलं'.

मग पहिलं नाव माझं लिहिलं.